न चाललेले मैल

१

शनिवारी सकाळचा चहा झाला की यतीन गॅरेजमध्ये जायचा. कोलंबस शहराजवळच्या डब्लिनमधल्या त्यांच्या घराचं गॅरेज दोन गाड्यांचं. एका बाजूला त्याच्या बायकोची, नेत्राची करडी एसयूव्ही, जिच्या मागच्या सीटवर कायम चिप्सचा चुरा असायचा. दुसऱ्या बाजूला, सुती कव्हराखाली, ती. कव्हर काढायचं, नीट घडी घालायची, धूळ असो नसो मऊ फडक्याने बॉनेट पुसायचं, आणि मग दार उघडून आत नुसतं बसायचं. असा त्याचा शनिवार.

गाडी तांब्याच्या रंगाची होती. उन्हाची तिरीप पडली की बॉनेट नुकत्याच चिंचेने घासलेल्या घागरीसारखं उजळायचं. डेट्रॉइटच्या एका जुन्या कंपनीने आपलं मोठं व्ही-एट इंजिन बंद करताना निरोपाची म्हणून मोजक्या गाड्या काढल्या, 'कॉपरहेड एडिशन' नावाच्या. त्यातली ही एक. डॅशबोर्डवर छोटी धातूची पट्टी, तिच्यावर गाडीचा क्रमांक कोरलेला. नागपूरला शाळेत असताना यतीनने वहीच्या मागच्या पानावर अशाच गाड्या काढल्या होत्या, आणि त्या काढल्याबद्दल मारही खाल्ला होता.

गाडी त्याने घेतली ती डॉक्टर गुरुनाथ देवस्थळींकडून. कोलंबसच्या आसपासची सगळी मराठी माणसं त्यांना गुरुनाथ काकाच म्हणत. चाळीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त. त्यांनी गाडी नवी घेतली, दोन वर्षं गॅरेजात ठेवली, आणि वसंतात एकदम विकायला काढली. मीटरवर फक्त बारा मैल. किल्ली देताना त्यांनी यतीनचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"जपून ठेव," ते म्हणाले. "चालवायच्या भानगडीत पडू नकोस."

नेत्राची अटही तीच होती. घरातली बरीचशी शिल्लक या गाडीत गेली होती. "ठीक आहे, घे," ती म्हणाली होती, "पण ही आपल्या अनयाच्या कॉलेजची सोय आहे असं समजून घे. खेळणं म्हणून नाही."

तेव्हा सिद्धेश जेवायला आला होता. यतीनचा कॉलेजपासूनचा मित्र, गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येच काम करणारा, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द शेवटचा.

"स्पेशल एडिशन म्हणजे बहुतेक वेळा स्टिकर आणि वेगळ्या रंगाची शिलाई असते, यार," त्याने पोळीचा तुकडा मोडत सांगितलं. "शोरूमच्या बाहेर पडली की किंमत उतरली. टिकते कुणाची? ज्या खरंच कमी काढल्या, ज्यांचे सगळे पार्ट मूळचे आहेत, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्यावर मैल नाहीत. चालवलीस की ती नुसती जुनी गाडी."

"मग घ्यायची कशाला?" नेत्राने विचारलं.

"बघायला," सिद्धेश म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता.

यतीनने उन्हाळाभर गाडी नुसती बघितली. ऑगस्टमधल्या एका शनिवारी नेत्रा अनयाला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेली, आणि त्याने गॅरेजचं दार उघडलं.

२

इंजिनाचा आवाज कानाला नंतर कळला, आधी बरगड्यांना. गल्लीतून तो अगदी सभ्यपणे बाहेर पडला, शेजाऱ्याला हातही केला. गावातली ती गोल गोल चौकांची रांग पार केली. प्लेन सिटीच्या बाजूला घरं संपली आणि दोन्हीकडे माणसापेक्षा उंच मका सुरू झाला, तेव्हा त्याने पाय दाबला.

गाडी पळाली नाही; जमीनच खालून सरकली. छातीवर कुणीतरी भला मोठा तळहात ठेवून त्याला सीटमध्ये दाबून धरल्यासारखं झालं. गिअर बदलला, पुन्हा तेच. यतीन एकटाच मोठ्यांदा हसत होता. चाळिशी उलटलेला, सोमवार ते शुक्रवार कुणाचा तरी डेटा इथून तिथे हलवणारा माणूस, खिडकी खाली करून, डावा कोपर बाहेर काढून मक्यातून ओरडत चालला होता. असं मोकळं त्याला कधी वाटलं होतं ते आठवेना.

परत येऊन त्याने गाडी जागेवर लावली. आता नेत्राला काय सांगायचं, हा विचार तेव्हा आला. मैल तर लपत नाहीत. त्याने मीटर पाहिलं.

बारा मैल.

त्याने काच पुसली. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. बाराच. चांगलं तासभर तो फिरला होता. पेट्रोलचा काटाही निघताना होता तिथेच होता.

बिघडलंय, त्याने मनाशी म्हटलं. सेन्सर गेला असणार. आणि मग लगेच, चोराला तिजोरी उघडी दिसावी तसा आनंद त्याच्या पोटातून वर आला.

३

तरी त्याचा स्वभाव इंजिनिअरचा. खात्री केल्याशिवाय झोप येईना. त्याने सिद्धेशला बोलावलं, खरं कारण न सांगता. विकायची वेळ आली तर सगळं ठीक आहे ना बघून दे, एवढंच.

सिद्धेशने आपला स्कॅनर आणला, स्टीअरिंगखाली जोडला आणि बराच वेळ पडद्यावरचे आकडे वर-खाली करत बसला.

"सेन्सर एकदम ओके. कॉम्प्युटरमध्येही मीटरवरचाच आकडा आहे. बदलाबदल काही नाही."

"बिघाड असू शकतो ना? म्हणजे चालवली तरी आकडा पुढे जात नाही, असं?"

"चाचणी केली ना आत्ता. सिग्नल बरोबर येतोय." मग सिद्धेश उकिडवा बसला आणि त्याने पुढच्या टायरवरून अंगठा फिरवला. नव्या टायरवर साच्यातून उरलेले रबराचे बारीक केस असतात. ते सगळे जागच्या जागी उभे होते. "आणि हे बघ. हे तर पहिल्या फेरीत झिजतात. यार, काकांनी ही फार फार तर ट्रकवरून उतरवली असेल. तू तर हिला गॅरेजच्या बाहेरही काढलेलं नाहीस. सोनं आहे हे."

यतीन त्या केसांकडे बघत राहिला. मक्यातल्या एका वळणावर त्याने इतक्या जोरात ब्रेक दाबला होता की रबर जळाल्याचा वास आत आला होता.

सांगावं की नाही, याचा विचार त्याने केला. सांगितलं असतं तर सिद्धेशने गाडी खोलायला लावली असती. आणि खोलली की कारण सापडलं असतं, कारण सापडलं की दुरुस्ती झाली असती. त्याला दुरुस्ती नको होती. जगातल्या सगळ्या गाडीवेड्यांना जे हवं असतं आणि कुणालाच मिळत नाही, ते त्याला मिळालं होतं. गाडी चालवायचीही, आणि ती न चाललेलीही राहायची.

"चहा घेणार?" त्याने विचारलं.

४

त्यानंतरचे शनिवार म्हणजे सण होते. नेत्रा आणि अनया क्लासला गेल्या की तो निघायचा. कधी सायोटो नदीच्या काठाने, कधी पश्चिमेला शेतांतून. एकदा तर पार हॉकिंग हिल्सपर्यंत गेला, जिथे रस्ता डोंगरांच्या कुशीत शिरून सापासारखा वळतो. प्रत्येक वेळी परत येऊन तो मीटर बघायचा आणि प्रत्येक वेळी तेवढाच खूश व्हायचा. ऑफिसात लोक म्हणायला लागले, यतीन, काय चाललंय, दहा वर्षांनी लहान दिसतोस.

सप्टेंबरात एकदा नेत्रा भांडी मशीनमध्ये लावता लावता सहज बोलली. "एक विचारू? तू इतका इतका वेळ त्या गाडीत बसून करतोस काय?"

"बसून?"

"आज अनयाचा क्लास कॅन्सल झाला, आम्ही लगेच परत आलो. तू आत बसलेला. मी दोनदा डोकावले. दोन्ही हात स्टीअरिंगवर, समोर भिंतीकडे बघतोयस. हाक मारली तर ढिम्म. म्हटलं, गाणी ऐकत असशील." तिने मशीनचं दार लावलं. "बरं वाटत असेल तर बस बापडा. पण अर्धा दिवस?"

यतीन त्या दिवशी दुपारपर्यंत हॉकिंग हिल्सच्या रस्त्यावर होता. रस्त्याकडेच्या एका सफरचंदाच्या बागेत लाकडी टपरी होती, तिथे थांबून त्याने साइडर, सफरचंदाचा ताजा रस, प्यायला होता. त्याची आंबटगोड चव अजून जिभेवर होती.

त्याने फोनवर गॅरेजच्या दाराचं अ‍ॅप उघडलं. सकाळी एसयूव्ही बाहेर पडली, थोड्या वेळाने आत आली. दार उघडल्याची दुसरी कसलीही नोंद नव्हती.

झोप लागली असेल, त्याने स्वतःला समजावलं. कामाचा ताण आहे. माणूस उघड्या डोळ्यांनी झोपू शकतो. स्वप्न इतकं स्पष्ट पडतं का? पडतही असेल. बाथरूममध्ये जाऊन त्याने तोंडावर पाणी मारलं, तेव्हा डाव्या हाताची कातडी चुरचुरली. कोपरापासून मनगटापर्यंत हात उन्हाने लाल झाला होता. खिडकीतून बाहेर काढलेला हात. उजवा होता तसाच होता.

खरं सांगायचं तर या वेळी तो घाबरायला हवा होता. थोडा घाबरलाही. पण त्या भीतीतही एक गुदगुली होती. आपल्याला जे ठाऊक आहे ते कुणालाच ठाऊक नाही, याची.

५

अनया तेव्हा तिसरीत होती. "बाबा, तू मला कधीच नेत नाहीस," ती रोज म्हणायची. ऑक्टोबरात झाडं पेटल्यासारखी लाल-पिवळी झाली होती, नेत्रा योगाच्या वर्गाला गेली होती, आणि यतीन म्हणाला, "चल."

नेताना त्याच्या मनात एक हिशेबही होता. बरोबर साक्षीदार असला की झोप आणि स्वप्न या गोष्टी निकालात निघतील.

अनया पुढच्या सीटवर बसली, जिथे एरवी तिला कधीच बसू द्यायचे नाहीत. गाव सुटलं आणि त्याने पाय दाबला तशी ती किंचाळली, मग खिदळली, मग "बाबा, फास्टर" म्हणून ओरडायला लागली. डोंगरातल्या वळणांवर दोघं एकदम एका बाजूला कलायचे. ती दोन्ही हात वर करून बसली होती. यतीनला वाटलं, एवढ्यासाठीच आपण ही गाडी घेतली. किंमत, गुंतवणूक, कॉलेज, हे सगळं नेत्राला सांगायला होतं.

सफरचंदाच्या बागेपाशी ते थांबले. अनयाचा खालचा एक सुळा आठवडाभर हलत होता. तिने सफरचंदाचा मोठा चावा घेतला आणि थबकली. मग तिने तोंडातून दात काढून तळहातावर ठेवला. "बाबा, इट्स आउट. लुक." हिरडीला थोडं रक्त होतं. यतीनने दात कागदी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला. परतीच्या वाटेवर ती त्या खळग्यात जीभ घालून शीळ वाजवायचा प्रयत्न करत होती.

गॅरेजमध्ये गाडी लावून त्याने इंजिन बंद केलं. "मम्माला दात दाखवायचा ना?" म्हणत तो वळला.

शेजारची सीट रिकामी होती. उतरली असेल पटकन, असं त्याला वाटलं. मग त्याने सीटबेल्ट पाहिला. बेल्ट लावलेला होता. रिकाम्या सीटवर तो तिरका ताणलेला होता, कुणाला तरी धरून ठेवल्यासारखा.

घरातलं दार उघडून नेत्रा उभी राहिली. ती चिडलेली होती. "पोरीला घरात एकटं सोडून तू इथे बसतोस?"

अनया जेवणाच्या टेबलाशी चित्र रंगवत होती. तिने मान वर केली नाही. "यू सेड आपण जाऊ. मी किती वेळ शेजारी बसले. तू बोललाच नाहीस. इट वॉज सो बोरिंग, मग मी आत आले."

"आ कर," यतीन म्हणाला.

तिने केला. खालचा सुळा जागेवर होता. तिने तो जिभेने हलवून दाखवला.

यतीनने खिशात हात घातला. कागदी रुमाल तिथे होता, आणि रुमालात काहीतरी लहान, टणक होतं. त्याने तो बाहेर काढला नाही.

६

दुसऱ्या दिवशी तो नेत्राची एसयूव्ही घेऊन गुरुनाथ काकांकडे गेला. मृणालिनी काकूंनी दार उघडलं. ठेंगणी, हसरी बाई, पांढऱ्या केसांचा सैल अंबाडा. "अगबाई, यतीन, ये ये. कॉफी टाकते," म्हणून त्या आत गेल्या आणि स्वयंपाकघरातून त्यांचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं.

काका खिडकीपाशी बसले होते. यतीनने काय बोलायचं ते ठरवून आणलं होतं, पण काकांनी त्याचा चेहरा पाहिला आणि आधी स्वयंपाकघराकडे नजर टाकली.

"चालवलीस," ते म्हणाले.

"हो."

"एकट्यानेच ना?"

यतीनने नकारार्थी मान हलवली. काकांनी डोळे मिटले.

"कोण होतं बरोबर?"

"अनया."

आत कपबशा वाजत होत्या.

"मी हिला नेलं होतं," काका अगदी हळू आवाजात म्हणाले. "एकदाच. लेक एरी सरोवराच्या काठावर गेलो. काय हसली त्या दिवशी. पन्नास वर्षांच्या संसारात इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. म्हणाली, तुम्ही इथेच थांबा, मी जरा पाण्यापर्यंत जाऊन येते. मी सीटवर टेकलो, डोळा लागला. जागा झालो तो माझ्या गॅरेजात. आणि ही आत कणीक मळत होती."

"म्हणजे काकू घरीच होत्या."

"तसंच म्हणायचं. ही म्हणते, मी कुठे गेलेच नाही." काका पुढे झुकले. "चांगली आहे रे. काही तक्रार नाही. माझी गोळ्या-औषधं, फिरणं, सगळं बघते. पण मी रोज एकच विचार करतो. ती पाण्यावरून परत आली असेल. गाडी दिसली नसेल."

"तुम्ही बघायला गेला नाहीत?"

"धीर झाला नाही."

काकू कॉफी घेऊन आल्या. काकांनी लगेच हवेचा विषय काढला. काकूंनी यतीनपुढे बशी ठेवली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, "वाळलास रे. गाडी नीट चालते ना?" त्यांचे हात उबदार होते. त्यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तरी यतीन कॉफी संपवू शकला नाही.

दारापर्यंत सोडायला आल्यावर काका म्हणाले, "विकून टाक."

त्याने तेच ठरवलं. सिद्धेशने दोन दिवसांत गिऱ्हाईक शोधलं. इंडियानाचा एक संग्राहक, अशाच गाड्या काचेच्या खोलीत ठेवणारा. त्याने सांगितलेला आकडा ऐकून नेत्रा पहिल्यांदा त्या गाडीकडे प्रेमाने बघायला लागली. "टिकली की रे किंमत," ती म्हणाली. "वाढलीसुद्धा." रविवारी दुपारी तो ट्रेलर घेऊन येणार होता.

यतीन मान हलवत होता आणि त्याच्या डोळ्यांपुढे एक लाकडी टपरी होती, टपरीपुढचा रस्ता होता, आणि रस्त्याकडे बघत उभी असलेली, खालचा एक दात नसलेली मुलगी होती. गाडी गेली की तिच्यापर्यंत जायचा रस्ताही जाणार होता.

हे वेडेपणाचं आहे हे त्याला कळत होतं. त्याची मुलगी वरच्या खोलीत झोपलेली होती, तो रोज तिच्या अंगावर पांघरूण घालत होता. पण रुमालातला दातही खराच होता.

७

रविवारी सकाळी त्याने नेत्राला सांगितलं, शेवटचा जरा वेळ बसतो गाडीत. ती हसली. "बस. निरोप घे."

दार उघडलं, तो बाहेर पडला. लख्ख ऊन होतं. गाडी आजवर पळाली नव्हती अशी पळाली. भीती वाटत होती आणि तरी प्रत्येक वळणाला त्याच्या आत काहीतरी उसळत होतं. तिच्याजवळ चाललोय, तिच्याजवळ चाललोय, असं इंजिनच म्हणत होतं. बाग दिसली. झाडांची बरीच पानं गळून गेली होती. टपरी बंद होती, फळी लावलेली.

टपरीच्या कुंपणावर अनया बसली होती. तेच जांभळं जॅकेट.

ती धावत आली. यतीन गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिला घट्ट धरलं. ती गार पडली होती, तिच्या केसांना पाल्याचा वास येत होता, आणि जॅकेटच्या आत तिचं काळीज पाखरासारखं उडत होतं.

"यू लेफ्ट," ती म्हणाली. "मी तोंड धुवायला नळावर गेले होते. आले तर गाडी नाही."

"आलो ना मी. आलो."

तिला आठवत होतं की परतीच्या वाटेवर ती त्याच्या शेजारी नव्हतीच. त्याला तिची शीळ आठवत होती. मग शेजारी कोण शीळ घालत होतं, हा प्रश्न त्याने मनातून बाहेर ढकलला. त्याने तिला बसवलं, स्वतःच्या हाताने बेल्ट लावला, आणि सगळी वाट एक हात तिच्या खांद्यावर ठेवून गाडी चालवली. या वेळी नजर हटवायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. ती हळूहळू ऊब धरू लागली, बोलायला लागली, मग हसायला. तोही हसायला लागला. इतका आनंद त्याला तिच्या जन्माच्या दिवशी झाला होता. नेत्राला काय सांगायचं, घरात दोघी झाल्यावर काय करायचं, हे पुढचं पुढे. पोरगी सापडली होती.

गल्लीत वळल्यावर त्याला ट्रेलर दिसला. घरापुढे रस्त्यावर उभा होता. यतीनने ड्राइव्हवेमध्ये गाडी घेतली आणि गॅरेजचं बटण दाबलं.

दार उघडलं नाही. त्याने पुन्हा दाबलं. मग हॉर्न वाजवला. शेजारी अंगणात पाला गोळा करत होता, त्याने वर पाहिलं नाही.

"थांब, खाली उतरू नकोस," यतीन अनयाला म्हणाला. इंजिन चालूच ठेवून, एक डोळा तिच्यावर ठेवून तो दाराशी गेला. दाराच्या वरच्या भागात लहान काचांची रांग होती. चवड्यांवर उभं राहून त्याने आत पाहिलं.

आत दिवा लावलेला होता. कव्हर घडी घालून ठेवलेलं होतं. तांब्याच्या रंगाची गाडी तिच्या जागेवर उभी होती आणि स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो स्वतःच बसलेला होता.

घरातलं दार उघडलं. नेत्रा आली, तिच्यामागे टोपी घातलेला एक उंच गोरा माणूस, आणि अनया. नेत्राने गाडीच्या काचेवर टकटक केलं. गाडीतल्या माणसाने मान वळवली, डोळे मिचकावले, आणि तो हसत उतरला. झोपेतून उठलेल्या माणसासारखं त्याने अंग ताणलं. अनयाने त्याचा हात धरला. त्याने तिच्या केसांतून बोटं फिरवली, अगदी यतीन फिरवायचा तशी.

उंच माणसाने वाकून टायर पाहिले, मीटर पाहिलं. त्याने इंग्रजीत विचारलेलं दारातून स्पष्ट ऐकू आलं: गाडी कधीच चालवली नाहीत?

"नाही," आतला माणूस म्हणाला. "एकदाही नाही."

यतीनने मूठ आवळून दारावर मारली. आवाज झाला नाही. लोखंड हाताला गार लागलं, मूठ ठणकली, पण आवाज झाला नाही. आत नेत्रा भिंतीवरच्या बटणाकडे निघाली होती, गाडी बाहेर काढायला दार उघडण्यासाठी. जाता जाता तिने काचांकडे पाहिलं. बाहेर ऊन आहे की ढग आलेत हे बघावं, तशी तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून सरकून गेली.

दार घरघरत वर चढायला लागलं. खालून आधी टायर दिसले, मग तांब्याचा बंपर, मग चार जोडी पाय.

तो थांबला नाही. का थांबला नाही हे त्याला त्या क्षणी सांगता आलं नसतं. दार पूर्ण वर गेलं आणि त्या माणसाने समोर पाहिलं तर काय होईल, हे आपल्याला बघायचं नाही, एवढंच त्याला कळलं. तो पळत मागे आला, सीटवर पडला आणि गाडी उलटी रस्त्यावर काढली.

अनया सगळा वेळ खिडकीतून बघत होती. तिने मम्माला हात केला होता, आणि मग तो हात हळूच मांडीवर ठेवला होता.

गल्लीच्या टोकाला गाडी थांबली. डावीकडे गाव, उजवीकडे शेतं. यतीनने आरशात पाहिलं नाही. त्याच्या छातीत इंजिन धडधडत होतं, आणि एवढं सगळं होऊनही पाय आपोआप पुढे दाबायला आसुसला होता.

अनयाने स्वतःच बेल्ट ओढून पाहिला, पक्का बसलाय ना ते. मग ती त्याच्याकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "लेक एरीला जाऊ या? तिथे पाण्यापाशी एक आजी आहे. शी सेड कुणीतरी तिलाही घ्यायला येणार आहे."